उजव्या कानशिलावरची गोळी

नोकरीच्या पहिल्याच दिवशी अप्पांनी माझ्या अंगावर मोसंबी फेकली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि समोरून एक मोसंबी थेट छातीकडं आली. मी झेलली. अप्पांनी मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "डावखुरी हायस."

"नाही हो," मी म्हणाले. "मी उजव्यानं लिहिते. जेवते पण उजव्यानंच."

"जेवत असशील. आईनं मारून शिकवलं असंल. आत्ता झेललीस कोन्या हातानं?"

मोसंबी माझ्या डाव्या हातात होती. डाव्या हातानं घास उचलला की आई माझ्या बोटांवर पळी मारायची, ही गोष्ट लातूरच्या आमच्या घराबाहेर कुणाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. या माणसानं ती एका मोसंबीत काढून घेतली. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली.

अप्पा नांदेडच्या आमच्या एमआरआय सेंटरमधले सगळ्यांत जुने टेक्निशियन. मूळचे उदगीरचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि मशीनजवळ लोखंड चालत नाही म्हणून चोवीस तास नाडीची पँट. घरी जातानासुद्धा तीच. "रोज कोन काढा-घाला करनार," म्हणायचे. आता रिटायर होऊन उदगीरला गेलेत. फोन केला की आधी विचारतात, "कोन्या कानाला लावलास फोन?" आणि मग तब्येत.

आमचं काम काय होतं ते सांगते, नाहीतर अप्पांचं वेड कळायचं नाही. एमआरआय मशीन डोक्याचे काप काढतं. खरे नाही, चित्रांतले. एका डोक्याचे दीडदोनशे काप, आणि प्रत्येक कापाची वेगळी फाइल. त्या प्रत्येक फाइलीत मशीन सगळी कुंडली लिहून ठेवतं. नाव, वय, हा काप कितवा, उजवी बाजू कुठली. पण मेंदूची मापं काढणारे जे प्रोग्राम असतात त्यांना अशा सुट्या भाकरी चालत नाहीत. त्यांना सगळी चवड एका फडक्यात बांधून लागते, म्हणजे सगळे काप एकाच फाइलीत, वेगळ्या साच्यात. नावही नको, फक्त नंबर. हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात आमच्याकडची काही डोकी अशी मापायला जायची. मशीनच्या फायली त्यांच्या साच्यात बदलून पाठवायचं काम माझं.

यात एक मोठी मेख आहे. मेंदू दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. फाइल बदलताना उजव्याचं डावं झालं, तर नुसत्या डोळ्यांनी कुणाच्या बापाला कळत नाही. अप्पांचं सगळं आयुष्य या एका मेखेभोवती बांधलेलं होतं.

म्हणून गोळी. माशाच्या तेलाची कॅप्सूल असते ना, पिवळी, पारदर्शक, ती ते प्रत्येक माणसाच्या उजव्या कानशिलावर कागदी चिकटपट्टीनं लावायचे. तेल मशीनला दिसतं. चित्रात ज्या बाजूला मोत्याएवढा पांढरा ठिपका, ती बाजू उजवी. एवढं साधं. आता हा माणूस पक्का लिंगायत, कांदाभजी तळलेल्या तेलातसुद्धा कधी अंडं तळलं होतं का हे विचारून खाणारा, आणि रोज पंधरावीस वेळा माशाच्या तेलाला हात. गोळी प्लास्टिकच्या चिमट्यानं उचलायची, लावून झाली की कोपरापर्यंत हात धुवायचे. मी एकदा म्हटलं, "अप्पा, दुसरं काहीतरी लावा की, खोबऱ्याच्या तेलाची पुडी करून लावा."

"करून बघितली. गळती," ते म्हणाले. "माझं बाटलं तर मी धुतो. याचं उजवं बाटलं तर कोन धुनार?"

दुसरं वेड याहून भारी. संगणकाच्या पडद्यावर कुठलंही डोकं आलं की अप्पा खुर्चीतून उठायचे, पडद्याकडं पाठ करून उभे राहायचे, स्वतःच्या उजव्या कानाला हात लावायचे, मग हात कानावरच ठेवून गर्रकन वळून पडद्याकडं बघायचे. रोज. प्रत्येक डोक्याला. तीस वर्षं हे काम केलेला माणूस, पण उजवा कान चाचपल्याशिवाय उजवं म्हणायचा नाही. मी आणि रिसेप्शनवरच्या दोघीतिघी त्यांची नक्कल करायचो. मी तर जेवायच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी डब्याकडं पाठ करून कान धरायचे, आणि सगळ्या हसून बेजार व्हायच्या. एकदा अप्पा मागं येऊन उभे राहिले. सगळं बघितलं आणि म्हणाले, "हात जरा वर. कान तिथं न्हाई, इथं हाय." आणि गेले.

माणसांना ते नावानं हाक मारत नसत. फाइल बदलताना नाव पुसलं जातं, मग नाव लक्षात ठेवून काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. ते गावं लक्षात ठेवायचे. "ते अर्धापूर आलं का गं पुन्हा? मुखेडचं डोकं पाठवलंस?" मी लातूर. डॉक्टर साहेब, म्हणजे सेंटरचे मालक, तेसुद्धा पाठीमागं परभणी. आणि काप मोजायचे ते कानडीतून, ओठांतल्या ओठांत, ओंदु, एरडु, मूरु. मराठीत मोजलं की मधे कुणीतरी बोलतं आणि चुकतं, म्हणायचे, कानडीत मोजताना इथं कुणाची मधे बोलायची हिंमत होत नाही.

मोसंबीच्या आधी लिंबू असायचं म्हणे. मेंदूच्या कामात माणूस डावखुरा आहे का हे कळावं लागतं, आणि नुसतं विचारलं तर आपल्याकडं सगळेच उजवे. जेवायचा हात विचारला की हमखास उजवा, कारण डाव्यानं जेवू देतंय कोण. म्हणून अप्पांनी फेकून झेलायला लावायची युक्ती काढली, आणि फेकायला खिशात मावेल असं लिंबू घेतलं. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईच्या अंगावर, आधीच डोक्याचं दुखणं, त्यात अमावस्या, समोरून लिंबू आलं. तिच्या मुलांनी करणी केली म्हणून असा गोंधळ घातला की अर्धं शिवाजीनगर गोळा झालं. दुसऱ्या दिवसापासून मोसंबी. "मोसंबीला भूत लागत न्हाई," अप्पा सांगायचे, "आनि झेलली तर पेशंट खाऊन बी टाकतो."

तर अशा या माणसाची किंमत मला कळली ती माझ्या चुकीमुळं. साधीसुधी चूक असती तर मी ती इथं सांगितलीच नसती.

हिमायतनगरजवळच्या एका झेडपी शाळेतल्या बाई आमच्याकडं आल्या. वय माझ्याएवढंच, सत्तावीस-अठ्ठावीस. त्यांना झटके यायचे. फळ्यासमोर उभ्या असताना एकदोनदा पडल्या, तेव्हापासून पोरांच्या आयांनी ओरड केली आणि त्यांना घरी बसवलं. गोळ्यांनी फरक पडत नव्हता. डोक्याला तारा लावून तपासणी झाली, तर दोन्ही बाजूंना गडबड दिसली. आमच्या साध्या चित्रातही डॉक्टरांना काही सापडलं नाही. हैदराबादचे म्हणाले, डोळ्यांना न दिसणारं आम्ही मापून काढू. मेंदूत खोल आत, दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढा एकेक भाग असतो, आठवणी धरून ठेवणारा. ज्या बाजूचा सुकलेला असेल तो काढायचा, झटके थांबतील. पण चांगल्या बाजूचा काढला आणि सुकलेला मागं ठेवला, तर माणसाला आत्ता घडलेलं पुढच्या घटकेला आठवणार नाही. सगळं त्या मापावर, आणि माप माझ्या फाइलीवर.

बाईंनी मोसंबी उजव्या हातानं झेलली. अप्पांनी गोळी लावता लावता नेहमीप्रमाणे विचारलं, "आत लई आवाज असतो. काय मोजनार?"

"हजेरी घेते," बाई म्हणाल्या. "माझी पोरं सदतीस हायत. एकदा पहिल्यापासून, एकदा शेवटून."

"ओठ हलवायचे न्हाईत."

"पोरांना हेच सांगते मी," बाई म्हणाल्या, आणि मशीनच्या बोगद्यात गेल्या. त्यांचे वडील बाहेर चपला काढून बसले होते, देवळात बसावं तसे.

दुसऱ्या दिवशी अप्पा घरच्या लग्नाला उदगीरला गेले, आणि त्याच आठवड्यात हैदराबादवाल्यांनी आम्हाला चित्रं बघायचा नवा प्रोग्राम दिला. आता नीट ऐका. आमच्या मशीनच्या पडद्यावर माणूस आपल्यासमोर तोंड करून असल्यासारखा दिसतो, म्हणजे त्याचा उजवा कान आपल्या डाव्या हाताला. नव्या प्रोग्रामात तोच माणूस पाठमोरा दिसतो, म्हणजे उजवा कान आपल्याही उजव्या हाताला. दोन्ही बरोबरच. पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना एकच सवय, गोळीचा पांढरा ठिपका पडद्याच्या डाव्या अंगाला. बाईंची फाइल बदलून उघडली तर ठिपका उजव्या अंगाला. मला वाटलं, सापडलं. अप्पा ज्याच्यासाठी जन्मभर पाठ फिरवतात ते उलटंपालटं मी एकटीनं पकडलं. दोन ओळींची आज्ञा लिहून मी अख्खं डोकं आरशासारखं फिरवलं. ठिपका आपल्या नेहमीच्या जागी आला. मी फाइल पाठवून दिली, आणि अप्पा आल्यावर काय शाबासकी मिळेल याचा विचार करत चहा प्याले.

अप्पा सोमवारी परतले, बुंदीचा पुडा घेऊन. तोवर हैदराबादहून कळलं होतं की उजव्या बाजूचा भाग सुकलाय, ऑपरेशन गुरुवारी. बाई आणि त्यांचे वडील तिकडं पोचलेही होते. मी मोठ्या ऐटीत अप्पांना सगळं दाखवलं. ते उठले, पाठ केली, कान धरला, वळले. आणि वळलेल्या जागीच उभे राहिले. मग पुन्हा पाठ केली. असं त्यांनी तीनदा केलं. मला हसू येत होतं.

"लातूर," ते म्हणाले, "ही गोळी मी कोन्या कानशिलाला लावतो?"

"उजव्या."

"गोळीच्या बाजूला पडद्यावर बारीक अक्षर हाय. वाच."

पडद्याच्या कडेला, बाजू सांगणारं इंग्रजी अक्षर असतं, मुंगीएवढं. मी वाचलं. डाव्याचं होतं.

मी पुन्हा वाचलं, तेच. म्हणजे सुकलेली बाजू डावी, आणि गुरुवारी ते उजवीकडं कापणार होते. आमचा आवाज ऐकून डॉक्टर साहेब आत आले. ऐकून त्यांना घाम फुटला, पण ते शहाणे माणूस. म्हणाले, एवढा मोठा दवाखाना आहे, कापायच्या आधी ते पुन्हा तपासतीलच, आपण उगीच सेंटरचं नाव कशाला घालवायचं, हळूच नवी फाइल पाठवून द्या.

अप्पांचा आवाज चढला नाही. "साहेब, पेशंटचं नाव पुसूनच पाठवतो आपन. आज आपलं बी पुसलं समजा." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "फोन तू लाव."

"अप्पा, तुम्हीच बोला ना," मी म्हणाले. मी रडत होते.

त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसले. उदगीरला त्यांच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, एवढं मला माहीत होतं. पुढचं तेव्हाच ऐकलं. विशीत असताना एका पोरीचा स्थळाला दाखवायचा फोटो त्यांनी धुतला, आणि निगेटिव्ह उलटी लावली. पोरीच्या डाव्या गालावर तीळ होता, फोटोत उजव्या गालावर आला. पोरीच्याही लक्षात आलं नाही, कारण माणूस स्वतःला आरशातच बघतो. फोटो पसंत पडला, पाहुणे बघायला आले, आणि तीळ दुसऱ्या गालावर. फोटोतली पोरगी वेगळी, ही वेगळी, आम्हाला फसवताय, असं म्हणून पाहुणे पोह्यांच्या बशा तशाच ठेवून उठले.

"बापानं मला मारलं न्हाई," अप्पा म्हणाले. "हाताला धरून त्या पोरीच्या दारात नेलं. सगळी भावकी बसलेली. म्हनला, सांग. मी सांगितलं. ते स्थळ काही परत आलं न्हाई. पन त्या पोरीवरचा आळ गेला. चूक ज्याच्या हातची त्याच्याच तोंडानं जाती, पोरी. मी फोन केला तर त्यांना वाटंल, म्हातारा घोळ घालून राहिला. काय केलंस ते तुला एकटीलाच नीट सांगता येतं."

मी फोन लावला. हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंना तुटक्या हिंदीत सगळं सांगितलं, दोन ओळींच्या आज्ञेसकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला. गोळी त्या दिवशी उजव्याच कानशिलावर होती, याला पुरावा काय?

पुरावा काहीच नव्हता. अप्पांची तीस वर्षं सोडली तर. मला वाटलं, आता हे ताठ होतील, माझ्यावर विश्वास नाही का म्हणतील. त्यांनी फोन घेतला आणि सांगितलं की माझ्यावर मुळीच विश्वास ठेवू नका. पोरीला तुमच्या मशीनमध्ये पुन्हा घाला, उजव्या कानशिलाला तुमच्या हातानं गोळी लावा, आणि लावायच्या आधी तिला तिचा जेवायचा हात वर करायला सांगा. फोन ठेवला आणि हात धुवायला गेले, गोळीला हात लावलेला नसताना.

दोन दिवस मला अन्न गेलं नाही. अप्पांनी धीर दिला नाही, रागावलेही नाहीत. सकाळी आले, माझ्या शेजारी खुर्ची टाकली आणि म्हणाले, "आज नऊ डोकी हायत. चल." प्रत्येक डोक्याला त्यांनी मला उभं केलं, पाठ फिरवायला लावली, कान धरायला लावला. त्या दिवशी कुणी हसलं नाही. बुधवारी दुपारी फोन आला. बाजू डावीच होती. ऑपरेशन एक आठवडा पुढं ढकललं आणि डावीकडं केलं. अप्पांनी ऐकलं, "बरं झालं," म्हणाले आणि अर्धापूरच्या माणसाकडं मोसंबी फेकली. मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले. माझी नोकरी गेली नाही. डॉक्टर साहेबांना अप्पा काय बोलले ते मला आजही माहीत नाही.

सातआठ महिन्यांनी बाई आल्या. मी त्यांना आधी ओळखलंच नाही, अंगावर तेज आलं होतं. हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, मागं वडील, चपला दाराबाहेर. अप्पांनी नियमाप्रमाणे मोसंबी फेकली, बाईंनी नियमाप्रमाणे उजव्या हातानं झेलली.

"हजेरी?" अप्पांनी विचारलं.

बाई तिथंच उभ्या राहिल्या आणि सदतीस नावं म्हणाल्या. पहिल्यापासून, मग शेवटून. अप्पांची बोटं हलत होती, ओठांत कानडी चाललं होतं. शेवटचं नाव आलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बरोबर हाय." कुठल्या नावाला काय बरोबर हे त्यांना कुठून कळणार, पण आकडा जुळला होता.

"झटका एक न्हाई," बाई म्हणाल्या. "जूनपासून वर्गावर हाय. तिकडच्या मॅडम म्हनल्या, नांदेडहून फोन आला म्हनून वाचलीस. कोनी केला होता?"

मला वाटलं, अप्पा स्वतःकडं बोट दाखवतील. दाखवावंच, असं मनापासून वाटत होतं. त्यांनी माझ्याकडं दाखवलं.

"हिनं. चूक बी हिचीच होती, फोन बी हिचाच."

बाईंचे वडील खुर्चीतून अर्धवट उठले. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. मग त्या म्हणाल्या, "इकडं ये." ज्या आवाजात चुकलेलं गणित घेऊन पोराला टेबलाजवळ बोलावतात, त्या आवाजात.

मी गेले. बाईंनी वेणी पुढं ओढली, कानाच्या वरचे केस दोन्ही हातांनी बाजूला केले. आत गुलाबी, वळलेली, चार बोटं लांब खूण होती.

"बघ," त्या म्हणाल्या. "बरोबर बाजूला हाय का?"

मी त्यांच्याकडं पाठ केली. माझ्या डाव्या कानाला हात लावला. हात तसाच ठेवून वळले, आणि मग दुसऱ्या हाताची बोटं त्यांच्या खुणेवर टेकवली.

"हाव बाई," मी म्हणाले. "डावीच हाय."